कोंबडीनं घेतलेला झेल

आमच्या खोबो बोनितोत माणसाला दोन नावं असतात. एक पाद्रीबाबा डोक्यावर पाणी घालताना ठेवतात ते. ते एकदा बाप्तिस्म्याला वापरायचं, एकदा लग्नाला, आणि मग थेट थडग्यावर. मधलं सगळं आयुष्य वस्ती जे नाव ठेवील त्याच्यावर काढायचं. आणि वस्ती कुणाला विचारून नाव ठेवत नाही.

आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साडेसहा. उभा राहिला की दोन्ही हात सरळ खाली लोंबायचे, घड्याळातल्या काट्यांसारखे. बॅटवाल्याच्या मागं बसणारा कॅचर आणि कप्तान होता रांजण, त्याचं कारण त्याला बघितलं की कळायचं. तिसऱ्या बेसवर सुकट. मी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचो आणि संध्याकाळी बँडमध्ये गुइरा घासायचो. गुइरा म्हणजे पत्र्याचं खरखरीत नळकांडं, दिसायला थेट खोबऱ्याची किसणी; म्हणून मी किसणी. आमच्याकडे दिवसा जे बेसबॉल खेळत तेच रात्री नाचाचं मेरेंगे संगीत वाजवत. साखर कारखान्याच्या वस्तीत माणसं असतात तरी किती, एकेकाला दोन-दोन कामं करावीच लागतात.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एकदा राजधानीच्या संघातला एक गृहस्थ आमचा पिचर बघायला आला. पायात चकचकीत बूट, हातात रुमाल. त्यानं विचारलं, "आनसेल्मो रिहो कुठं राहतात?" आम्ही डोमिनो खेळत होतो. सगळ्यांनी माना हलवल्या. असला कुणी इथं नाही. साडेसहा तर फार परोपकारी, तो पाहुण्याला घेऊन घरोघर फिरला, उन्हातान्हात. शेवटी स्वतःच्या घरी नेऊन बायकोला म्हणाला, "अगं, आनसेल्मो रिहो कोण गं?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तू नव्हे का, मेल्या? लग्नात पाद्री असंच काहीतरी म्हणत होता."

तर अशी आमची तऱ्हा. पण मला सांगायचंय ते एर्मोहेनेस पाउलिनोबद्दल. म्हणजे कोंबडीबद्दल.

कोंबडी आला तेव्हा विशीतही नव्हता. उंच, लाजरा, पळायला हरणासारखा. त्याला आम्ही डाव्या बाजूला लांब उभं केलं. आमच्या मैदानाला त्या बाजूला कुंपण नव्हतं, तिथं तोमासा म्हातारीचं परसू सुरू व्हायचं. पहिल्याच सामन्यात एक उंच फटका आला. पोरगा आभाळाकडे बघत मागं मागं पळाला, परसात शिरला, दोन्ही हात पसरून उडी मारली आणि काहीतरी छातीशी घट्ट धरून खाली पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो उठला, दोन्ही हातांनी झेल उंच धरला. तो झेल पंख फडफडवत ओरडत होता. चेंडू मागं शेवग्याच्या झाडाखाली पडलेला.

पंच मोठा विचारी माणूस. त्यानं थोडा वेळ घेऊन निकाल दिला, "कोंबडी बाद. फलंदाज नाबाद."

झालं. पत्र्याचा कर्णा घेऊन सामन्याचं वर्णन करणारा आमचा भोंगा तिथंच होता. कारखान्याचा भोंगा बिघडला तर त्याच्या आवाजावर पाळी बदलता येईल, असा त्याचा गळा. वस्तीतली निम्मी नावं त्यानंच ठेवलेली. त्यानं कर्ण्यातून एकदाच म्हटलं, "शाब्बास रे कोंबडी!" आणि त्या पोराचा बाप्तिस्मा पुसला गेला.

पुढं तो आमचा सगळ्यात भरवशाचा खेळाडू झाला. त्याच्याकडे गेलेला चेंडू जमिनीला लागत नसे. बँडमध्ये तांबोरा वाजवू लागला. तो गळ्यात अडकवायचा ढोल हो, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला पंजा. वाजवायचा असा की म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायचे थांबत. पण बँडमध्ये गाणाराही भोंगाच, तो गाताना मधेच थांबून ओळख करून द्यायचा, "आणि ढोलावर... कोंबडी!" की सगळं मैदान, "कुक् कुक् कुक्!" तोही हसायचा. त्याला त्या नावाचं काही नव्हतं. सुनिल्दा येईपर्यंत.

सुनिल्दाची आई दोन्या कासिमिरा (दोन्या म्हणजे बाईसाहेब) विधवा, शिवणकाम करणारी, लांब डोंगराळ सिबाओकडची. तिचा भाऊ कारखान्यात उसाच्या रसाची तपासणी करायला नोकरीला लागला म्हणून या मायलेकी त्याच्याकडे आल्या. दोन्या कासिमिरा म्हणजे पाठीचा कणा म्हणून गज बसवलेली बाई. काळी छत्री, काळा झगा, आणि जिभेवर फक्त बाप्तिस्म्याची नावं. पहिल्याच दिवशी रांजणला म्हणाली, "काय हो इनोसेन्सिओ, बरे आहात?" रांजणनं मागं वळून बघितलं, कोण उभं आहे म्हणून.

सुनिल्दा मात्र वेगळी. खळखळून हसायची. कोंबडी तिच्या खिडकीवरून जाताना बोटांनी मांडीवर ताल धरायचा आणि आत शिवणयंत्राचं चाक त्याच तालावर फिरायला लागायचं. हे सगळ्या वस्तीला कळलं होतं. यंत्राशेजारी बसलेल्या आईला कळायला तेवढा उशीर लागला.

शेवटी रिवाजाप्रमाणे कोंबडी मागणी घालायला गेला. मला बरोबर नेलं, धीर यावा म्हणून. दोन्या कासिमिरानं आम्हाला झुलत्या खुर्च्यांवर बसवलं, कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"एर्मोहेनेस," ती म्हणाली, "मुलगा तू चांगला आहेस. पीत नाहीस, मारामाऱ्या करत नाहीस. पण लोक तुला काय म्हणतात?"

कोंबडीनं कप खाली ठेवला.

"उद्या माझ्या पोरीला काय म्हणतील? कोंबडीची बायको. आणि पोरं झाली की?"

"पिल्लं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. कोंबडीनं माझ्या पायावर पाय दिला.

"बघ. तुझे दोस्तच सांगतायत. माझा भाऊ सांता आनाच्या सणानंतर परत गावाकडे बदलून जातोय. त्याच्याबरोबर आम्हीही जाणार. तोवर ज्या दिवशी ही वस्ती तुला माणसाच्या नावानं हाक मारील त्या दिवशी ये. हे दार उघडं मिळेल. नाहीतर आम्ही जाऊ."

आतून सुनिल्दा म्हणाली, "आई, मला नाव नाही, माणूस हवाय."

"तू टाका घाल," आई म्हणाली.

बाहेर आल्यावर कोंबडी आधी भोंग्याकडे गेला. भोंगा अंगणात दाढी करत होता.

"दादा, माझं नाव काढून टाका."

"येडा का काय? नाव काढता येत नाही. नाव काय खिळा आहे उपटायला?"

"मग दुसरं ठेवा."

"मी ठेवत नाही रे, लेका. मैदान ठेवतं, मी नुसता ओरडतो. तू असं काहीतरी कर की लोकांच्या तोंडून आपसूक दुसरं नाव निघालं पाहिजे. तोफ म्हणतील, वीज म्हणतील. मग बघू."

मग काय, पुढच्या सामन्यात पोरगं पेटलं. होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर. पुन्हा मारला. चेंडू उसात जाऊन पडायचे आणि शोधायला गेलेले लोक ऊस खात बसायचे. त्यानं तिसरा मारला तेव्हा आम्हाला वाटलं, झालं काम, आता तोफ. इतक्यात मागून कुणीतरी बोंबललं, "अरे, कोंबडीनं अंडी घातली!" आणि सगळं मैदान अंडी मोजायला लागलं. त्या दिवशी कोंबडी जेवला नाही. आईनं त्याच्या आवडीचा मांगू केला होता, कच्ची केळी उकडून लोण्यात घोटलेली, वर तळलेला कांदा. ताट तसंच.

अशात सण जवळ आला. सणाच्या दिवशी सेरो पेलाओच्या वस्तीशी आमचा सामना असतो. जो जिंकेल त्याच्या मांडवात रात्रीचा नाच, असा जुना पायंडा. आता सुनिल्दानंच डोकं चालवलं. आईला म्हणाली, "तू संघाला कपडे शिव. पाठीवर बाप्तिस्म्याची नावं भर. त्या दिवशी मैदानावर दुसरं नावच निघणार नाही. मग तर तुझी अट पुरी?"

दोन्या कासिमिराला ही कल्पना फार पटली. वस्तीला वळण लावायची संधी कोण सोडतं! तिनं भोंग्यालाही धरला. सणाला घालायचा त्याचा चमचमता सदरा तिच्याकडे शिवायला पडलेला होता, एक बाही लावून.

"लेओविहिल्दो," ती म्हणाली, "कर्ण्यातून नीट नावं येतील, तर दुसरी बाही."

भोंग्यानं शपथ घेतली. मग रांजणनं सगळ्या संघाला आंब्याखाली बसवून शपथ दिली: मैदानात जो कुणी टोपणनाव घेईल, त्याला सणाच्या बकऱ्याचा रस्सा नाही. रांजण बकऱ्यासाठी जीव देईल असा माणूस, त्याचा चेहरा शपथ देताना सुतकी झाला होता.

नवे कपडे वाटले तेव्हा जी गंमत झाली! पांढरे शुभ्र सदरे, पाठीवर निळ्या दोऱ्यानं नावं. जो तो दुसऱ्याच्या मागं फिरून वाचतोय.

"तू सिंफोरोसो?"

"मग? हसायला काय झालं?"

"नाही रे, इतकी वर्षं तुझ्याबरोबर डोमिनो खेळतोय, कधी वाटलं नाही तू असा असशील."

सामन्याच्या दिवशी दोन्या कासिमिरा खुर्ची घेऊन आली. त्याआधी तिनं बेसबॉलचा चेंडूही बघितला नव्हता. तिसऱ्या बेसच्या मागं, चुन्याच्या रेषेला लागून खुर्ची मांडली, छत्री उघडली, सुनिल्दाला शेजारी उभं केलं. भोंग्यानं दोन बाह्यांच्या सदऱ्यातून कर्णा उचलला.

"बॅट घेऊन येत आहेत, सिंफोरोसो दे ला रोसा!"

कुणी येईना. लोक माना उंचावून बघायला लागले, हा पाहुणा कोण? सुकट झाडाखाली बसून निवांत शहाळं पीत होता. त्याची पाठ झाडाला टेकलेली, त्यामुळं नावही कुणाला दिसेना. शेवटी पंच वैतागला तेव्हा रांजणनं त्याचा दंड धरून ओढत आणला.

हे तरी ठीक. खरी पंचाईत चेंडू अडवताना. एक साधा उंच फटका, आमच्या दोन गड्यांच्या मधे. असा झेल कप्तानानं नाव घेऊन वाटून द्यायचा असतो. रांजण ओरडला, "एलिओदोरो! एलिओदोरो!" ते दोघंही एलिओदोरोची वाट बघत उभे. चेंडू दोघांच्या मधे टप्पकन पडला. सेरो पेलाओच्या दोन धावा. त्यांचे लोक हसून लोळायला लागले. "अरे, एलिओदोरोला घरनं बोलवा रे!"

पुढच्या डावात साडेसहानं "माझा, माझा" म्हणत दुसऱ्याच्याच डोक्याला डोकं आपटलं. मग आम्ही ओरडायचंच सोडलं, नुसते हात करायला लागलो, मुक्यांच्या शाळेसारखे. तरी कोंबडीनं दोन-चार अवघड झेल घेतले, फटके मारले, आम्हाला पुढं नेलं. आणि प्रत्येक वेळी भोंगा कर्ण्यातून गळा ताणून म्हणायचा, "एर्मोहेनेस पाउलिनो!" लोक विचारायचे, "काय म्हणाला?" आणि बकऱ्याच्या भीतीनं आमच्यातलं कुणी सांगायचं नाही. पण मी पाहत होतो ना, कोंबडीचा चेहरा उजळत चालला होता. एवढा एक सामना निभावला की सुनिल्दा इथंच राहणार.

आणि इकडे आणखी एक गोष्ट घडत होती. दोन्या कासिमिरा खुर्चीत पुढं पुढं सरकत होती. पहिल्या डावात ती नावं ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्या डावात सुनिल्दाला विचारायला लागली, "हा बाद का झाला?" मग विचारणं थांबलं. सातव्या डावात पंचाला म्हणाली, "डोळे तपासून घ्या." छत्री कधी मिटली तिला कळलंही नाही. मिटलेली छत्री ती आता जमिनीवर आपटत होती.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं पुढं. त्यांचे दोन बाद, दोन गडी बेसवर. एक फटका आणि सामना गेला, नाच गेला. साडेसहानं चेंडू टाकला. त्यांच्या एका आडव्या अंगाच्या गड्यानं बॅट फिरवली आणि चेंडू गेला वर. सरळ वर, आणि तिथून तिरका, तिसऱ्या बेसच्या मागं, रेषेच्या आतल्या बाजूला.

तिघं धावलो. मागं मागं सुकट, आडवा मी, आणि समोरून जीव खाऊन पळत येणारा कोंबडी. चेंडू त्याचाच होता. तो समोरून येत होता, त्याला स्पष्ट दिसत होता. आम्हाला दोघांना नुसतं ऊन. पण कुणीतरी सांगायला नको? रांजणनं तोंड उघडलं, बकरं आठवलं, तोंड मिटलं. आम्ही तिघंही एकमेकांना घाबरून थबकलो.

खालून तेवढ्या एकाच माणसाला सगळं दिसत होतं. खुर्चीतल्या बाईला.

"एर्मोहेनेस!" दोन्या कासिमिरा उभी राहिली. "एर्मोहेनेस, तुझा आहे!"

कोंबडीचं पाऊल अडखळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी सुकटकडं. चेंडू खाली यायला लागला.

"एर्मोहेनेस पाउलिनो!"

छे. आम्ही तिघं बैलांसारखे उभे.

आणि मग त्या बाईनं छत्री फेकली, पदर म्हणा शाल म्हणा जे काय होतं ते फेकलं, आणि सिबाओच्या डोंगरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली, "ए कोंबडी! तुझा आहे रे मेल्या, धर!"

कोंबडी उडाला. सांगतो ना, उडालाच. मी आणि सुकट खाली बसलो, तो आमच्या डोक्यावरून गेला, चेंडू हवेत धरला, तसाच घसरत रेषेपलीकडे गेला आणि खुर्चीसकट दोन्या कासिमिराच्या पायाशी जाऊन पडला. हात वर. हातात चेंडू. या खेपेला चेंडूच.

सगळं मैदान खुर्चीकडे वळून बघायला लागलं. सामना जिंकला म्हणून नव्हे, ती ओरडली म्हणून. आणि मग जे सुरू झालं! "कुक् कुक् कुक्!" आमचे लोक, त्यांचे लोक, पंच, पाद्रीबाबासुद्धा. भोंग्यानं इतक्या वेळची शपथ मोडून कर्णा फुटेपर्यंत तेच एक नाव घेतलं.

सगळ्यांनी कोंबडीला खांद्यावर घेतलं, पण मी वर बघितलं तर पोराच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "किसणी, गेलं रे सगळं." खरंच होतं. वस्तीनं त्याला कोंबडीच म्हटलं होतं, आणि सगळ्यात आधी तिनंच. दोन्या कासिमिरा तेवढ्यात मुलीचा हात धरून, ताठ मानेनं घरी निघूनही गेली होती.

संध्याकाळी मांडवात दिवे लागले, रस्सा उकळत होता, आणि ढोलाजवळ कोंबडी नाही. भोंग्यानं मला पाठवलं. तो सापडला दोन्या कासिमिराच्या दाराशी, मातीनं भरलेला सदरा घालून, हातात खुर्चीचा मोडलेला पाय.

"बाई, खुर्ची दुरुस्त करून देतो," तो दाराशी बोलत होता. "दुसरं काही मागायला आलो नाही. तुम्ही जायच्या आधी देतो."

दार उघडलं. दोन्या कासिमिरा उभी. आवाज पार बसलेला.

"आत ये," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मला म्हणाली, "तुम्हीही या, कि... किंतिलियानो." थोडं थांबून, "बसा."

बसलो. तिनं दिवा मोठा केला. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मी जन्मभर बाप्तिस्म्याच्या नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, नीट, प्रेमानं. तो माणूस एकदाही आला नाही. गोठ्यात असला तरी नाही, दारात असला तरी नाही." तिनं कोंबडीकडे बघितलं. "आज तुला हाक मारली, तर तू हवेतून आलास."

कोंबडीनं खुर्चीचा मोडका पाय हळूच खाली ठेवला.

"हाकेला येणारा जावई मिळत असेल तर..." ती थांबली. ते नाव पुन्हा उच्चारणं जड जात होतं, ते दिसत होतं. "तर मला काय करायचंय, कुठल्या हाकेला येतो त्याच्याशी? भाऊ जाईल एकटा. आम्ही राहतो."

आतल्या खोलीत कात्री खाली पडल्याचा आवाज आला.

"सुनिल्दा, ऐकत होतीस ना?"

"नाही आई," आतून आवाज.

"मग बाहेर ये."

मांडवाकडून भोंग्याची बोंब ऐकू आली, "ढोल कुठं मेलाय?" ढोलाशिवाय मेरेंगे सुरू होत नाही, लोक टाळ्या वाजवून वाजवून दमले होते. कोंबडी उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला. "जाऊ का?"

"जा," दोन्या कासिमिरा म्हणाली. "पण हिला घेऊन जा. आणि रस्त्याच्या मधून जा, कडेकडेनं नको. लोकांना बघू दे."

ते दोघं पुढं, मधे अर्ध्या हाताचं अंतर. मागं मी, आणि माझ्या शेजारी दोन्या कासिमिरा. कुंपणापाशी उभ्या असलेल्या टोळक्यानं "कुक् कुक्" सुरू केलं. ती थांबली, त्यांच्याकडे वळली. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"एवढाच आवाज?" ती घोगऱ्या गळ्यानं म्हणाली. "दुपारी मी एकटी तुमच्या सगळ्यांपेक्षा जोरात ओरडले."

मांडवात पोचलो तेव्हा कोंबडीनं ढोल गळ्यात अडकवला. सुनिल्दा पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली, अगदी समोर. त्यानं काठी उचलली आणि आम्ही सुरू केलं.